गाईच्या खडकाखालचं पाणी

फुलांच्या रविवारच्या आधीचा तो गुरुवार होता. गोमर माझ्या दारात आला तेव्हा त्याच्या हातात आमची बादली होती. हाताला कापू नये म्हणून माझ्या बायकोने, लेसाने, कडीला निळी चिंधी गुंडाळली होती. चिंधी ओली होती. बादलीच्या आत चुन्याचा थर तसाच होता.

"ईनॉस, लेसा घरात आहे का?" त्याने विचारलं.

"कबरीला चुना द्यायला गेलीय. येईलच आता."

बादली उंबऱ्यावर ठेवून गोमरने डोक्यावरची टोपी काढली. गोमरची आणि माझी मासेमारीतली जोडी मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. एवढ्या वर्षांत तो माझ्यासमोर टोपी काढून कधी उभा राहिला नव्हता. मला कळलं.

"कुठे सापडली?" मी विचारलं.

"विलोच्या झाडाच्या मुळांत अडकली होती. उताराच्या खाली."

"पाणी किती आहे?"

"दगड दिसत नाहीत," तो म्हणाला.

आमच्या रीदवेन गावात घरं नदीच्या या काठाला आणि चर्च पलीकडे. मधे पूल नाही. उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा, तिथे पाण्यात मोठे दगड टाकलेले आहेत, त्यांच्यावर पाय ठेवून जायचं. वर डोंगरात पाऊस झाला की आमच्याकडे ऊन असतानाही तायवी नदीचं पाणी चढतं. सकाळी लेसा गेली तेव्हा दगड कोरडे होते. फुलांच्या रविवारी कबरींवर फुलं ठेवायची, आणि त्याआधी प्रत्येक घराने आपल्या कबरीचे दगड घासून त्यांना चुना द्यायचा. आमची मुलगी तिथे आहे. ती घशाच्या आजारात गेली. चुना द्यायचं काम लेसा कुणालाच करू देत नसे, मलाही नाही.

चर्च पलीकडे राहिलं कसं, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पूर्वी नदी चर्चला वळसा घालून जायची, तेव्हा चर्च आणि घरं एकाच काठावर होती. माझ्या आजोबांच्या आजोबांच्या काळात एका हिवाळ्यात पूर आला आणि नदीने तो वळसा सोडला. मधली अरुंद जमीन कापून ती सरळ निघाली. जुन्या पात्रात आता दलदल आहे, गुरंसुद्धा तिकडे जात नाहीत. खालची घरं वाहून गेली, लोकांनी चढावर नवी बांधली. चर्च पलीकडे राहिलं, ते राहिलंच.

पाण्याच्या हद्दीही बदलल्या. आमच्या खाली पेनाबर गाव आहे. आमची आणि त्यांची हद्द म्हणजे गाईचा खडक. खडकाच्या वरचं पाणी आमचं, खालचं त्यांचं. नदी सरळ झाली तेव्हा काळा डोह, आमचा सगळ्यात चांगला डोह, भरून गेला आणि तसाच खोल डोह खडकाच्या खाली तयार झाला, त्यालाही काळा डोहच म्हणायला लागले. आमचे लोक म्हणाले, डोह आमचा आहे, फक्त जागा बदलली. पेनाबरचे म्हणाले, खडकाखाली जे आहे ते आमचं. भांडण झालं. डोहात दोन्हीकडची जाळी एकमेकांत अडकली, आणि कुणीतरी वल्हं मारलं, ते गोमरच्या पणजोबांच्या भावाच्या डोक्यात बसलं. लुसिन त्याचं नाव. तो वाचला नाही. त्यानंतर दोन्ही गावांच्या पुरुषांनी चर्चमध्ये शपथ घेतली की एका गावाचं जाळं दुसऱ्याच्या पाण्यात पडणार नाही. ती कुणी मोडलेली नाही.

लेसा पेनाबरची. लग्नात तिच्याकडून फक्त तिची आई आली होती.

गोमरने गावात सांगितलं. थोड्याच वेळात सगळे पुरुष आपापल्या कोरकल पाठीवर घेऊन उतारावर जमले. कोरकल म्हणजे आमची होडी. विलोच्या काड्यांची विणलेली, वरून डांबर फासलेल्या कापडाची, एका माणसापुरती. दोन कोरकलांच्या मधे एक जाळं असतं. दोघं आपापल्या काठाला धरून प्रवाहाबरोबर खाली जातात, एका हातात वल्हं, एका हातात जाळ्याची दोरी. वर वल्हवता येत नाही. खाली पोचलं की होडी पाठीवर घ्यायची आणि काठाने चालत परत यायचं.

बेतीमावशी, आमच्या शेजारची म्हातारी, उतारावर उभी होती. तिने माझ्या गळ्यात स्वतःची शाल बांधली.

"मावशी, शाल घालून वल्हवता येत नाही," मी म्हणालो.

"येतं. तुझा बाप घालायचा," ती म्हणाली. "आणि नाही आलं तर पाण्यात टाक. माझी आहे, मी बघून घेईन."

आम्ही पाद्र्याचा डोह चाळला. सुईचं नाक नावाचा डोह चाळला. आंधळ्या डोहात तळाशी जाळं दोनदा फिरवलं. एका जोडीच्या जाळ्यात मेलेलं कोकरू आलं. एका जोडीच्या जाळ्यात फळी आली. मी आणि गोमर काहीच न बोलता खाली जात होतो. जाळं पाण्यात असताना बोलायचं नसतं, मासे दूर जातात. त्या दिवशी मासे कुणाला हवे होते? तरी कुणी बोललं नाही.

एक गोष्ट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती. उतारावर जे पाण्यात पडतं ते काळ्या डोहात जाऊन थांबतं. मेंढी असो, ओंडका असो, कुणाची टोपी असो. वरच्या डोहांत काही अडकत नाही. तरी आम्ही वरचेच डोह चाळत होतो.

गाईच्या खडकापाशी पोचलो. आमच्या पुढच्या जोड्यांनी जाळी गोळा केली, ते काठाला लागले आणि होड्या पाठीवर घेऊ लागले. गोमरनेही आपल्या बाजूची दोरी ओढायला सुरुवात केली.

"राहू दे," मी म्हणालो. "पुढे जाऊ."

"ईनॉस, खडक आला."

"दिसतो मला."

"मग?"

"ती खाली आहे, गोमर. तुलाही ठाऊक आहे."

गोमरचं तोंड पांढरं पडलं होतं. तो वाईट माणूस नाही. माझ्या मुलीची शवपेटी त्याने आपल्या खांद्यावर नेली होती, आणि उताराच्या दगडांवरून नेताना कुणाला हात लावू दिला नव्हता. "माझं जाळं घे," तो म्हणाला. "प्रेत लागलेलं जाळं जाळावं लागतं, जाळू. पुढच्या हिवाळ्यात दुसरं विणेन. पण मला खडकाखाली जायला सांगू नकोस. लुसिन आमच्या घरातला होता."

"लुसिनला मरून किती वर्षं झाली?"

"शपथ अजून मेलेली नाही."

"आणि लेसा?"

तो रडायला लागला. रडत रडतच त्याने दोरी ओढली. मी माझं टोक सोडलं नाही, पण त्याचा काही उपयोग नव्हता. एका होडीचं जाळं म्हणजे नुसतं पाण्यात लोंबणारं कापड. त्याला माणूस दोन बाजूंनी लागतो.

संध्याकाळी मी चालत पेनाबरला गेलो. काठाच्या वाटेने जाताना काळा डोह लागतो. पाणी तपकिरी होतं, मधे फेस गोल फिरत होता. मी थांबून बघितलं. काही दिसलं नाही.

लेसाचा भाऊ शॅद्रक, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, त्याच्या घराबाहेर जाळं पसरून बसला होता. मी त्याच्याशी लग्नानंतर एकदाच बोललो होतो, सासूच्या अंत्ययात्रेत. त्याने मला बघून मान वर केली नाही.

"आलास," तो म्हणाला. "दुपारपासून वाट बघतोय कोण येतं. मला वाटलं रीदवेनवाले कबुतर पाठवतील."

"तुम्हाला कळलं?"

"नदी खालीच वाहते ना? दुपारी तिचा ब्रश आला. चुन्याचा. आमच्या पोरांना सापडला." त्याने ब्रश दाखवला नाही, मीही मागितला नाही. "तुम्ही कुठे शोधलंत?"

"खडकापर्यंत."

तो हसला, पण तोंडातून फक्त हवा निघाली. "खडकापर्यंत. म्हणजे ती जिथे नाही तिथे सगळं नीट शोधलंत."

"तुम्ही शोधलंत का?"

त्याने जाळ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "माझा जोडीदार येत नाही. सगळ्यांना विचारलं. म्हणतात, हंगाम तोंडावर आलाय, जाळं नवं आहे, रीदवेनच्या प्रेतासाठी कोण जाळणार? मी म्हटलं, रीदवेनचं नाही, माझ्या बहिणीचं आहे. तर म्हणतात, गेली त्या दिवशी रीदवेनची झाली."

"माझा जोडीदारही येत नाही," मी म्हणालो.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुझी होडी कुठेय?"

"खडकापाशी ठेवलीय. काठावर."

"तुला माझ्याबरोबर आमच्या पाण्यात बघितलं तर तुझं गाव तुला पाण्यात पाय टाकू देणार नाही."

"नाही देणार."

"माझं मलाही नाही." त्याने जाळ्याची एक गाठ दाताने ओढली. "एक अट आहे. ती आमच्या पाण्यात सापडली तर आमच्याकडे पुरायची. आईजवळ. तुझ्याकडे नाही."

आमच्या मुलीशेजारची जागा लोकांनी कोरकलांतून पलीकडे जाऊन त्याच दुपारी खणायला घेतली होती. मी ते त्याला सांगितलं नाही.

"कुठेही पुरा," मी म्हणालो. "मातीत पुरा म्हणजे झालं."

"पहाटे ये," तो म्हणाला. "आणि ती शाल काढून ये. बायकांसारखा दिसतोस."

उजाडताना मी होडी पाठीवर घेऊन खडकाखाली उतरलो. शॅद्रक आधीच आला होता. पाणी आदल्या दिवसापेक्षा थोडं उतरलं होतं, पण डोंगराकडे आभाळ काळं होतं. दोघांनाही ते दिसत होतं. वेळ फार नव्हता.

"कुठली बाजू?" त्याने विचारलं.

"डावी. मी नेहमी डाव्या काठाला असतो."

"बरं झालं. मी नेहमी उजव्या."

दोघांना आपापली बाजू मिळाली, म्हणून आणखी काही विचारायची गरज पडली नाही. आम्ही पाण्यात उतरलो. जाळं त्याचं होतं, वजनदार, आमच्यापेक्षा थोडं रुंद. शॅद्रकचा हात फार चांगला होता. वल्ह्याचा आवाज होत नव्हता. त्या दिवसापर्यंत मी गोमरशिवाय कुणाच्या जोडीने पाण्यात गेलो नव्हतो, पण जाळं सरळ राहिलं, मधे झोल पडला नाही. मला वाटलं, ती सापडणार.

डोहात पहिल्या फेरीत काही लागलं नाही. काठाला लागलो, होड्या उचलून वर चालत आलो, पुन्हा उतरलो. तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

दुसऱ्या फेरीत, डोहाच्या मधे जिथे फेस फिरतो तिथे, जाळ्याला काहीतरी लागलं. ओंडका लागला की दोरी एकदम थांबते, झटका बसतो. हे तसं नव्हतं. हळूहळू जड झालं. जसं कुणी झोपेत अंगावर हात टाकावा तसं. जाळ्याची वरची दोरी पाण्याखाली जायला लागली. आणि पाण्यात मला तपकिरी लोकरीचं कापड दिसलं. लेसाचा घागरा तपकिरी लोकरीचा होता. तिचाच दिसतो असं मला वाटलं.

मी जागच्या जागी थांबलो आणि दोरी ताणून धरली.

आमच्याकडे जाळ्याला काही लागलं की उजव्या काठाचा माणूस होडी वळवून डाव्याकडे येतो. डाव्याने हलायचं नाही, धरून ठेवायचं. उजवा आला की जाळं मिटतं, मग दोघांनी मिळून ओढायचं. हे कुणी शिकवत नाही. बापाबरोबर पाण्यात गेलं की अंगात येतं. मी धरून ठेवलं आणि शॅद्रकची वाट बघितली.

शॅद्रक आला नाही. तोही जागच्या जागी बसून, दोन्ही गुडघ्यांत वल्हं अडकवून, दोरी ताणून धरत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, तो तिला बघून गोठला आहे. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटलं, असं तो नंतर म्हणाला. दोघांनी तोंड उघडलं नाही. जाळं पाण्यात असताना बोलायचं नाही, हे दोन्ही गावांत सारखंच आहे.

प्रवाह मधे ढकलत होता. जाळ्याला पोट आलं, ते मोठं मोठं होत गेलं, दोन्ही होड्या कलल्या. मग जाळ्याची खालची, शिशाची वजनं लावलेली दोरी तळावरून उचलली गेली, आणि जे होतं ते तिच्या खालून निघून गेलं. जाळं एकदम हलकं झालं. माझी होडी मागे झोकांडली आणि मी पाण्यात पडता पडता वाचलो.

तेव्हा शॅद्रक ओरडला. "का नाही आलास?"

"तुम्ही का नाही आलात?"

"मी? डाव्यानं यायचं असतं!"

"उजव्यानं यायचं असतं!"

"कोण म्हणतं?"

आम्ही दोघं पावसात एकमेकांकडे बघत खाली वाहत गेलो. मधे रिकामं जाळं होतं. मग तो हळू म्हणाला, "आमच्यात डावा येतो. आजोबांपासून डावाच येतो."

"आमच्यात उजवा."

"तू सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

त्यानंतर आम्ही खालचे सगळे डोह चाळले, भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथपर्यंत. आता काही लागलं की तो ओरडायचा "मी येतो" आणि मी ओरडायचो "या". एकदा मुळं लागली, एकदा कुणाच्या तरी कुंपणाचं फाटक. दुपारपर्यंत पाणी इतकं चढलं की होडी सांभाळणंच कठीण झालं. पेनाबरचे लोक त्यांच्या गावच्या पुलावर उभे राहून आमच्याकडे बघत होते. कुणी शिवी दिली नाही. कुणी खालीही आलं नाही.

काठावर शॅद्रकने जाळं पसरलं आणि त्याच्या शेजारी बसला. "हे जाळायचं का?" त्याने विचारलं.

"तीच होती का?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

जाळं जाळलं तर ती होती असं होतं. न जाळलं तर ती अजून डोहात आहे, आम्हाला ओंडका लागला, असं होतं. दोघांपैकी कुणीच ठरवलं नाही. ते जाळं त्याच्या घराच्या भिंतीवर तसंच टांगलेलं आहे. त्याने जाळलंही नाही आणि पाण्यातही टाकलं नाही. त्या हंगामात त्याने मासेमारी केली नाही.

रीदवेनला परत आलो तेव्हा गोमर उतारावर उभा होता. त्याने माझी होडी पाठीवरून उतरवायला हात पुढे केला. मी त्याला ती घेऊ दिली. आम्ही एकमेकांशी भांडलो नाही, पण जोडीने पाण्यात पुन्हा गेलो नाही. गावाने मला काही म्हटलं नाही. फक्त हंगामात कुणी कोणत्या डोहात जायचं याच्या चिठ्ठ्या काढायच्या दिवशी माझ्या नावाची चिठ्ठी टोपीत नव्हती.

फुलांच्या रविवारनंतरच्या रविवारी प्रॉसरसाहेब, आमचे पाद्री, घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. बेतीमावशीने त्यांना मेंढीच्या मटणाचं सूप दिलं, ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं.

"ईनॉस, प्रार्थना करून घेऊ," ते म्हणाले. "पेटीशिवायही करता येते. समुद्रावर गेलेल्यांसाठी करतात."

"ती समुद्रावर गेली नव्हती, साहेब. चुना द्यायला गेली होती."

"हो. पण आता बहुतेक…"

"बहुतेक."

"दगडावर नाव तरी कोरून घ्या. मुलीच्या नावाखाली जागा आहे."

"प्या ते सूप, गार होतंय," बेतीमावशी त्यांना म्हणाली. "आणि त्याला सोडा. दगड कुठे पळत नाही."

मे महिन्यात पाणी खूप उतरलं. मी रोज काळ्या डोहापर्यंत जात होतो, काठाने, होडीशिवाय. पेनाबरचे लोक मला बघायचे आणि वाट सोडायचे. एकदा शॅद्रक तिथे भेटला. आम्ही दोघं बसलो. तळ कुठे कुठे दिसत होता, गोटे, एक जुनं चाक, फांद्या.

"सापडली तर तुझ्याकडे ने," तो मधेच म्हणाला. "मुलीजवळ. आई समजून घेईल."

"बरं," मी म्हणालो.

त्यानंतर खाडीवरच्या लोकांना, समुद्राच्या वाळूवर शिंपले वेचणाऱ्या बायकांना, बंदरातल्या नावाड्यांना, सगळ्यांना सांगून झालं. एकदा प्रेत लागल्याचा निरोप आला, मी गेलो, तो एक खलाशी होता. तो कुणाचा होता ते कळलं नाही. तिथल्या लोकांनी त्याला पुरलं, तोपर्यंत मी थांबलो.

चर्चजवळ खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं होतं. उन्हाळ्यात ते आटलं, तेव्हा मी फावडं घेऊन गेलो आणि खड्डा बुजवला. मुलीच्या दगडाला मी या वर्षी चुना दिला. तिच्याशेजारी कोणी नाही. लेसाला माती द्यायची राहिली आहे.